लिनक्स सर्व्हरवरील खाते-कुलूपबंदी धोरण : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

सारांश :
संगणकावर परवलीचा शब्द वारंवार चुकल्यास संबंधित खाते काही काळ बंद करणे, या उपायास प्रस्तुत लेखात 'खाते-कुलूपबंदी' असे म्हटले आहे. हा उपाय केवळ तांत्रिक सोय नसून त्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा विचार आहे. यांत्रिक कुलपापासून लिनक्सच्या आजच्या व्यवस्थेपर्यंत त्याचा प्रवास कसा झाला, प्रत्येक टप्प्यावर कोणता दोष आढळला व तो कसा दूर करण्यात आला, याचा मागोवा येथे घेतला आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यातील लहान संस्थांनी हे धोरण ठरविताना या इतिहासातून काय घ्यावे, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : परवलीचा शब्द, खाते-कुलूपबंदी, लिनक्स, पॅम, फेललॉक, प्रवेशनकार, गोंदिया जिल्हा.

१. प्रस्तावना :

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव व सडक अर्जुनी या आठ तालुक्यांचा हा जिल्हा धानाचे कोठार म्हणून ओळखला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. लिनक्स ही संगणक प्रणाली १९९१ मध्ये जन्मास आली, म्हणजे ती या जिल्ह्यापेक्षा आठ वर्षांनी वडील आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला, म्हणजे तो जिल्ह्यापेक्षा जेमतेम दीड वर्षाने धाकटा आहे. जुन्या जिल्ह्यांनी शंभर-दीडशे वर्षे कागद सांभाळला आणि मग संगणक स्वीकारला. गोंदियाचे जिल्हा प्रशासन मात्र संगणकाच्या सोबतीनेच वाढले.

आज सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारभूत किमतीने होणाऱ्या धान खरेदीची नोंदणी, महाविद्यालयाचा प्रवेश व परीक्षेचा अर्ज ही सर्व कामे कोणत्या ना कोणत्या सर्व्हरवरील खात्यातून होतात. कचेरीच्या दाराची जागा खात्याने घेतली असेल, तर त्या दाराचे कुलूप कसे असावे, ते केव्हा लागावे आणि कोणी उघडावे, हे प्रश्न केवळ संगणक विभागाचे राहत नाहीत. ते सार्वजनिक जीवनाचे प्रश्न होतात. या भूमिकेतून प्रस्तुत विषयाची निवड केली आहे.

२. कुलपाची पूर्वपरंपरा :

आपल्याकडील जिल्हा कोषागारांत 'दुहेरी कुलूप' ही पद्धत ब्रिटिश राजवटीपासून रूढ आहे. दृढकक्षाच्या एका कुलपाची किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, तर दुसऱ्याची खजिनदाराकडे असते. दोघे उपस्थित असल्याशिवाय दार उघडत नाही. एका माणसावर सर्व भिस्त ठेवू नये, हा या पद्धतीचा गाभा होय. तथापि या कुलपाला एक मर्यादा होती. कोणी रात्री चुकीची किल्ली घालून पाहिली, तर सकाळी त्याचा मागमूस राहत नसे.

ही उणीव इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जाणवली. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. त्यानंतर मूळ किल्लीखेरीज उघडणार नाही अशा कुलपासाठी सरकारने बक्षीस जाहीर केले. जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये जे कुलूप सिद्ध केले, ते 'डिटेक्टर लॉक', म्हणजेच शोधक कुलूप म्हणून प्रसिद्ध झाले. चुकीच्या किल्लीने वा आकड्याने आतील पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली की हे कुलूप अडकून बसे. मग खरी किल्लीही लागत नसे. नियामक किल्ली फिरवून ते पूर्ववत करावे लागे. त्यामुळे कोणीतरी प्रयत्न केला होता, हे मालकाला कळे. पुढे १८२४ च्या सुधारणेनंतर मूळ किल्ली उलट फिरवूनही ते पूर्ववत करता येऊ लागले.

आजच्या खाते-कुलूपबंदीचे तिन्ही घटक येथे स्पष्ट दिसतात. चुकीचा प्रयत्न ओळखणे, दार काही काळ सर्वांनाच बंद करणे आणि पुन्हा उघडण्यासाठी वेगळी व्यवस्था ठेवणे, हे ते तीन घटक होत. या कुलपाचा पराभवही तितकाच बोधप्रद आहे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडून दाखविले. कुलूप केव्हा अडकते, यावरूनच त्याने आतील रचनेचा अंदाज घेतला. नकार देतानाही कुलूप काही माहिती देत होते. हा मुद्दा पुढे सर्व्हरच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

३. सामायिक संगणक आणि परवलीचा शब्द :

अनेकांनी एकच संगणक वाटून वापरण्याचा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये झाला. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तेथे परवलीचा शब्द आला. परंतु पहिला धक्काही लवकरच बसला. संगणकाचा वेळ अपुरा पडतो म्हणून अ‍ॅलन शेर या संशोधकाने १९६२ मध्ये सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाइलच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल होऊन दैनंदिन सूचनेच्या जागी परवलीच्या शब्दांची यादी प्रत्येकाच्या टर्मिनलवर उमटली. या दोन्ही प्रसंगांत अंदाज बांधण्याची गरजच पडली नाही. शब्द उघडे ठेवले होते, हाच दोष होता.

युनिक्स प्रणालीत शब्द मूळ रूपात न ठेवता त्याचे न उलगडणारे रूपांतर ठेवण्याची पद्धत आली. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या लेखात तिचा आढावा घेतला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ परवलीच्या शब्दांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के शब्द अतिशय लहान तरी होते किंवा शब्दकोशादी याद्यांत सापडणारे तरी होते. कुलूप मजबूत असूनही माणूस किल्ली उंबरठ्याखालीच ठेवतो, हे यातून आकड्यांनी सिद्ध झाले.

४. अंदाजाचे गणित :

अमेरिकी संरक्षण विभागाने १९८५ मध्ये परवलीच्या शब्दांच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील सूत्र साधे आहे. शब्द किती काळ वापरात आहे आणि त्या काळात दर घटकेला किती अंदाज करता येतात, यांचा गुणाकार करावा व त्याला संभाव्य शब्दांच्या एकूण संख्येने भागावे. येणारे उत्तर म्हणजे अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता. या तीन राशींपैकी वापरणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून नसलेली आणि सर्व्हरच्या चालकाच्या पूर्ण स्वाधीन असलेली राशी म्हणजे अंदाजांचा वेग होय. खाते-कुलूपबंदी नेमका हाच वेग कमी करते.

उदाहरण घेऊ. चार अंकी संकेतांक १०,००० प्रकारचे असू शकतात. सेकंदाला दहा प्रयत्न करू दिल्यास ते सर्व सुमारे १७ मिनिटांत संपतात. तीन चुकांनंतर दहा मिनिटे खाते बंद ठेवल्यास दिवसाला जास्तीत जास्त ४३२ प्रयत्न होतात आणि त्याच कामास २३ दिवसांहून अधिक काळ लागतो. एवढ्या काळात जागरूक चालकाला नोंदवहीत गडबड दिसावयास हवी. मात्र खातेदाराने नेहमीच्या हजार शब्दांतील एखादा शब्द निवडला असेल, तर हीच मर्यादा असूनही अडीच दिवसांत खाते उघडे पडते. कुलूपबंदी वेळ मिळवून देते, पण दुबळ्या शब्दाला बलवान करीत नाही.

दुसरी मर्यादा २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगासमोर आली. त्या दिवशी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'कृमी' प्रोग्रॅमने इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली. हा विद्यार्थी वर उल्लेखिलेल्या रॉबर्ट मॉरिस यांचाच पुत्र होता. त्या प्रोग्रॅमने अन्य मार्गांबरोबरच ४३२ शब्दांची स्वतःची यादी वापरली. परंतु तो दारावर उभा राहून शब्द विचारत बसला नाही. सर्वांना वाचता येणारी रूपांतरित शब्दांची फाइल घेऊन त्याने आतल्या आत पडताळा केला. अशा हल्ल्यात सर्व्हरला चुकीचे प्रयत्न मोजताच येत नाहीत. म्हणून रूपांतरित शब्द केवळ मुख्य प्रशासकालाच दिसतील अशा 'शॅडो' फाइलमध्ये हलविण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. कुलूपबंदीला अर्थ येण्यासाठी ही पूर्वअट होती.

५. लिनक्समधील विकास :

लिनक्सने युनिक्सचा हा वारसा घेतला. प्रारंभी 'शॅडो' संचातील 'फेललॉग' ही सुविधा चुकलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवी व ठरावीक मर्यादेनंतर खाते बंद करी. परंतु प्रवेशाचे मार्ग वाढत गेले. समोरचा कळफलक, दूरस्थ प्रवेश, टपालसेवा, फाइलसेवा असा प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःची तपासणी स्वतः करी. एका दारावर मोजणी आणि दुसऱ्यावर मोकळीक, अशी अवस्था होती.

यावर सन मायक्रोसिस्टिम्समधील विपिन समर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उपाय मांडला. ओळख पटविण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅमकडून काढून जोडता येण्याजोग्या स्वतंत्र घटकांकडे सोपवावे, ही ती कल्पना. तिला संक्षेपाने 'पॅम' म्हणतात. लिनक्ससाठी तिची आवृत्ती लवकरच तयार झाली. आता मोजणीचा घटक एकदा बसविला की पॅमला विचारणारे सर्व प्रोग्रॅम एकाच नियमाखाली येऊ शकत होते.

मोजणीसाठी प्रथम 'टॅली' व नंतर 'टॅली-२' हे घटक आले. त्यांची पद्धत अशी होती की प्रयत्न होताच आकडा वाढवावा आणि प्रवेश यशस्वी झाल्यावर शून्य करावा. काही प्रोग्रॅम हा शेवटचा टप्पा पार पाडीत नसत. परिणामी शब्द बरोबर देणाऱ्याच्याही नावावर चुका साठत व निरपराध खातेदाराचे खाते बंद पडे. रेड हॅट या कंपनीतील टोमाश म्राझ यांनी २०१० च्या सुमारास 'फेललॉक' हा नवा घटक लिहिला. त्यात प्रत्येक खातेदाराची स्वतंत्र नोंद राहते आणि केवळ चुकलेला प्रयत्नच वेळेसह नोंदविला जातो. २०२० मध्ये लिनक्स-पॅमच्या १.४.० या आवृत्तीत फेललॉक मूळ संचात आला व त्याच वर्षी १.५.० मधून दोन्ही जुने घटक वगळण्यात आले. जुन्या पुस्तकांत अजूनही टॅलीचीच कृती आढळते. ती नव्या सर्व्हरवर लागू पडत नाही, हे अध्यापकांनी ध्यानात ठेवणे इष्ट होय.

६. धोरणाची मांडणी :

फेललॉकचे मूळ आकडे असे आहेत : १५ मिनिटांच्या अवधीत तीन चुका झाल्यास खाते बंद, आणि १० मिनिटांनंतर आपोआप खुले. मुख्य प्रशासकाचे 'रूट' खाते मात्र वेगळी सूचना दिल्याशिवाय बंद होत नाही. हे सर्व आकडे एका स्वतंत्र संरचना-फाइलमध्ये बदलता येतात. रेड हॅट कुळातील वितरणांत 'ऑथसिलेक्ट' या साधनाने हा घटक कार्यान्वित करता येतो. अन्य काही वितरणांत पॅमच्या फायलींत तो हाताने बसवावा लागतो. तेव्हा क्रमाला फार महत्त्व आहे. शब्द तपासण्यापूर्वी खाते बंद आहे काय हे पाहणारी ओळ, नंतर शब्दाची तपासणी, आणि ती फसल्यास चूक नोंदविणारी ओळ, असा क्रम हवा. तो चुकल्यास एक तर कोणीच अडत नाही, नाही तर सर्वच अडतात. म्हणून बदल करताना प्रशासकाने एक चालू सत्र उघडे ठेवावे व चाचणी दुसऱ्या खात्यावर घ्यावी.

बंद झालेल्या खात्याच्या चुका पाहणे व त्या पुसून खाते खुले करणे, या दोन्हींसाठी 'फेललॉक' हीच आज्ञा आहे. तिची नोंद सामान्यतः तात्पुरत्या जागेत राहते आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास पुसली जाते. नोंद टिकवावयाची असल्यास जागा बदलावी लागते. तसेच किल्लीजोडीने होणारा दूरस्थ प्रवेश परवलीच्या शब्दाच्या या मोजणीत येत नाही. म्हणून प्रशासकाने आपल्यासाठी असा एक मार्ग राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. चबच्या नियामक किल्लीची हीच आधुनिक जागा आहे.

हॉब्जचा धडाही येथे उपयोगी पडतो. 'हे खाते बंद आहे' असा संदेश दिल्यास त्या नावाचे खाते अस्तित्वात आहे, हे परक्याला कळते. फेललॉकमध्ये असा संदेश न देण्याची सोय आहे. दुसरीकडे, प्रामाणिक खातेदाराला कारण न कळल्याने तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतो. कोणता तोटा अधिक, याचा निर्णय संस्थेने करावयाचा असतो.

७. कुलूप कोणावर?

चुकीच्या प्रयत्नाने खाते बंद होत असेल, तर ज्याला केवळ त्रास द्यावयाचा आहे त्याला शब्द शोधण्याची गरजच उरत नाही. त्याने जाणूनबुजून तीन वेळा चुकावे. खऱ्या मालकाला दार बंद होते. रूट खाते मूळ व्यवस्थेत बंद न होण्याचे कारण हेच आहे. उलट, हल्लेखोर एकाच खात्यावर अनेक शब्द न वापरता अनेक खात्यांवर एकच सोपा शब्द वापरून पाहतो, तेव्हा कोणत्याही खात्याची मर्यादा ओलांडली जात नाही. या हल्ल्यावर खात्याऐवजी हल्ल्याचा पत्ता अडविणे हा पूरक उपाय आहे. त्यासाठीचे 'फेल-टू-बॅन' हे साधन सिरिल जाकिए यांनी २००४ मध्ये सुरू केले.

या अनुभवामुळे गेल्या काही वर्षांत मर्यादा सैल होत गेल्याचे दिसते. कार्ड व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पूर्वी सहा चुकांची मर्यादा होती. २०२२ च्या आवृत्तीत ती दहा झाली. अर्धा तास बंदीची अट मात्र कायम राहिली. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये तर सलग चुकांची कमाल मर्यादा १०० ठेवली. यामागील विचार असा की यंत्राच्या दृष्टीने दहा आणि शंभर यांत फारसा फरक नाही, पण विसराळू माणसाच्या दृष्टीने तीन आणि दहा यांत फार मोठा फरक आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात हा फरक ठळकपणे जाणवतो. सालेकसा वा देवरीच्या जंगलपट्टीतील विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अंतिम दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतो. अनेकदा अर्ज भरणारा वेगळा, खातेदार वेगळा आणि ज्याच्या मोबाइलवर संकेतांक येतो तो तिसराच असतो. हंगामात धानाची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या एका खात्यामागे कित्येक शेतकरी रांगेत उभे असतात. अशा खात्यावर तीन चुकांची व प्रशासकाने खुले करेपर्यंतची बंदी लादली आणि प्रशासक जिल्ह्याच्या ठिकाणी वा नागपुरास असला, तर एका बोटाची चूक रांगेतील सर्वांचा दिवस घेऊन जाईल. चोर अडविण्यासाठी लावलेले कुलूप तेव्हा घरच्यांनाच अडवील.

भारतीय कायद्याने ही दुहेरी बाजू ओळखलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीतील कलम ६६ क नुसार दुसऱ्याच्या परवलीच्या शब्दाचा अप्रामाणिक वापर केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीला संगणकाचा प्रवेश नाकारला जाईल असे कृत्यही दोषास्पद मानले आहे. म्हणजे दुसऱ्याच्या दारातून आत शिरणे आणि मालकाला दाराबाहेर ठेवणे, या दोन्ही कृती कायद्याच्या दृष्टीने अपकार ठरतात. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार नोंदवह्या १८० दिवस जपणे व निर्दिष्ट प्रकारच्या घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. चुकलेल्या प्रयत्नांची नोंद त्यामुळे केवळ खाते अडविण्याचे साधन न राहता पुराव्याचा भाग बनली आहे.

८. निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) खाते-कुलूपबंदी ही अंदाजांचा वेग कमी करण्याची युक्ती आहे. चोरीस गेलेल्या शब्दांवर व दुबळ्या शब्दांवर ती उपाय नाही.

(२) लहान संस्थांनी पाच ते दहा चुकांची मर्यादा आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप खुले होणारी बंदी स्वीकारणे अधिक हितावह आहे. प्रशासकाने खुले करेपर्यंतची बंदी, तो प्रशासक खरोखर हाताशी असेल तेथेच ठेवावी.

(३) एकच खाते अनेकांनी वापरण्याची सवय मोडावी. एकाची चूक सर्वांना भोवते आणि चूक कोणाची, हेही कळत नाही.

(४) खाते खुले करण्याचा अधिकार किमान दोघांकडे असावा व प्रत्येक वेळी कारणासह नोंद करावी. कोषागाराच्या दुहेरी कुलपामागील दक्षता येथेही उपयोगी आहे. फरक इतकाच की तेथे दोघांशिवाय दार उघडू नये ही अपेक्षा असते, तर येथे एक अनुपस्थित असताना दुसऱ्याने उघडावे ही अपेक्षा आहे.

(५) धोरणाचे आकडे हंगाम पाहून तपासावेत. प्रवेश, शिष्यवृत्ती व धान नोंदणी यांच्या अंतिम तारखांच्या आठवड्यात मदतीसाठी माणूस नेमणे, हा कुलूपबंदी धोरणाचाच भाग मानावा.

चब यांच्या कुलपाने चोराला अडविले आणि मालकाला सावध केले. परंतु ते पूर्ववत करण्याची किल्लीही त्यांनी मालकाच्याच हाती दिली होती. गेल्या दोनशे वर्षांत कुलपाचे स्वरूप पार बदलले, ही जबाबदारी मात्र बदललेली नाही. आपल्या जिल्ह्यातील कोणतीही संस्था सर्व्हरवर 'तीन चुका' असा आकडा लिहिताना, चौथ्या प्रयत्नाला दाराशी कोण उभे असेल, याचा विचार करील, तर या इतिहासाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.